पदरात पडलेला नारळ

नारळ पदरात पडला, तेव्हा कुठं अनसाबाईच्या ध्यानात आलं की आपण पदर पुढं केलेला आहे. कधी केला, कशाला केला, काही पत्ता नाही. समोर सोपानरावांच्या पत्नी पार्वतीबाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या ताटात खण दिसला, गहू दिसले, नारळ दिसला, आणि अनसाबाईचे दोन्ही हात आपण होऊन उठले. त्यांनी पदराचे काठ धरले, झोळी केली आणि भरसभेत पुढं धरली. डोक्याला विचारलं असतं तर ते नाही म्हणालं असतं. घरून निघतानाच ती तसं ठरवून निघाली होती. शाल दिली तर घ्यायची नाही, हार घातला तर काढून टेबलावर ठेवायचा, आणि बोलायला उभं केलं तर जे पोटात आहे ते बोलायचं. ओटीचं मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि नारळ तरी नीट ठेवावा की नाही? ठेवला नाही, सोडला. वीतभर उंचीवरून, बोटाला बोट लागणार नाही अशा बेतानं सोडला, आणि तो गव्हावर धप्पकन आदळला. पार्वतीबाईंच्या चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. त्या हसतच होत्या. त्यांच्या हातांनीही त्यांना विचारलं नसावं. टाळ्या झाल्या, आणि टाळ्या विरायच्या आत कर्ण्यातून सोपानरावांचा आवाज आला, "अनसाबाईंनी सगळ्यांदेखत नारळ घेतला, मंडळी! आता सोयरीक पक्की झाली म्हणायची. पोरगी तुमची, घर आमचं. आता मोडायचं नाही हां!" सगळा मंडप खदखदून हसला. अनसाबाई भरलेला पदर धरून उभी होती.

पोरगी म्हणजे दवाखाना. दौंडच्या बाजारतळाला लागून असलेला, कौलारू, पुढं दगडी पायरी आणि आत एक लांबट काळोखी खोली असलेला धर्मादाय दवाखाना. त्याच्या विश्वस्तांचे सोपानराव अध्यक्ष. आणि घर म्हणजे सोपानरावांची सोलापूर रस्त्यावरची जमीन, गावापासून चांगली लांब, त्यांच्याच पेट्रोलपंपाला चिकटून. तिथं नवं हॉस्पिटल उठायचं होतं. खाटा, फोटो काढायचं मशीन, पुण्याहून मोटारीनं येणारे डॉक्टर, आणि अर्थात फी. बाजारतळावरच्या जागेत दुकानांचे गाळे निघणार होते. विश्वस्तांनी मनात आणलं असतं तर केव्हाच कुलूप घातलं असतं. पण याच दवाखान्यासाठी भांडलेल्या लोकांची एक समिती होती, तिचं गावात नाव होतं, आणि सोपानरावांची निवडणूक तोंडावर होती. समितीत खरं बघायला गेलं तर अनसाबाई आणि भांडगावचे चांगदेवआबा एवढीच माणसं उरली होती. मागच्या बैठकीत अनसाबाईनं तोंडावर सांगितलं होतं, "दवाखाना हितनं हलायचा न्हाई. बाजाराला आलेलं माणूस औषध घिऊन जातं. पंपावर कोण जातंय आजारी पोर घिऊन, डिझेल प्यायला?" सोपानरावांनी वाद घातला नाही. चहा मागवला. आणि थोड्याच दिवसांत टांग्याला कर्णा बांधून गावभर पुकारा सुरू झाला, स्वस्त औषधपाण्यासाठी झगडणाऱ्या नागरिकांचा जाहीर सत्कार. माणूस आडवा आला की त्याला पाडायचं, हे जुनं झालं. आता त्याला उचलून खुर्चीवर बसवतात, गळ्यात हार घालतात, आणि मग त्याला उठता येत नाही.

ती खुर्चीवर बसली. पदर सोडता येईना. सोडला तर गहू खाली सांडणार, आणि अन्न पायाखाली सांडायचं म्हणजे चार लोकांत तीच वाईट. म्हणून दोन्ही मुठींत काठ धरून, मांडीवर ते गाठोडं घेऊन ती बसून राहिली. नारळ मांडीत रुतत होता. सही मागितली असती तर तिनं दिली नसती. अंगठा मागितला असता तर मूठ मिटली असती. पण मंडपातल्या एकाही माणसाला सहीची गरज नव्हती. भरल्या बैठकीत मुलीच्या ओटीत नारळ पडला की लग्न ठरलं. त्याच्यावर मग बाप बोलत नाही, मामा बोलत नाही. सोपानराव थट्टा करत नव्हता, व्यवहार करत होता, आणि तिला ते कळलं आहे हेही त्याला कळलं होतं. म्हणून तर तो इतका मोकळा हसला. आणि हे सगळं ज्या दवाखान्याच्या नावानं चाललं होतं त्याच्या दाराला ऐन बाजाराच्या दिवशी कुलूप होतं. मंडप पायरीला भिडवून घातलेला. सकाळी लोक बाटल्या घेऊन आले, तेव्हा सोपानरावांनी स्वतःच्या हातानं कुलूप लावलं, "आज कार्यक्रम आहे, गर्दी नको," म्हणाले, आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. स्वस्त औषधाचा सत्कार म्हणून औषध बंद. मंडपात हे कुणाला खटकत होतं का? कुणालाही नाही. सत्कार करणाऱ्यांचा सत्कार आधी झाला होता. सोपानरावांच्या खांद्यावर नवी शाल होती, तिची घडी अजून मोडली नव्हती.

राग आधी सोपानरावाचा आला होता, पण आता तो फिरून तिच्या स्वतःच्या हातांवर आला. हेच हात. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा याच हातांनी तिनं देव्हाऱ्यातले टाक भीमेच्या डोहात सोडले होते. त्यानंतर तिनं कुणाची ओटी भरली नाही की कुणाकडून भरून घेतली नाही. शेजारणी बोलवायच्या थांबल्या तरी तिला वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं गेली. मग हे शिकले कुठं? आणि बसल्या बसल्या तिला आठवलं, की हे ओटीला शिकलेच नव्हते. घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अंगाला तिचं माहेर. आई तिला घेऊन संध्याकाळी गावात भाकरी मागायला निघायची. दारापुढं अंतर राखून उभं राहायचं, हाक घालायची, आणि पदर पसरायचा. आतून बाई यायची आणि भाकरी वरून सोडायची. भाकरी वाळलेली असली की पदरात टपकन आवाज व्हायचा. अनसाचं परकर-पोलकं, तिला पदर कुठला. ती परकराचा घोळ पुढं धरायची. एकदा धरायला उशीर झाला, तुकडा मातीत पडला, तर आईनं घरी आल्यावर पाठीत धपाटा घातला होता. "समोरचं माणूस ताट घिऊन आलं की हात पुढं पायजे," आई म्हणाली होती, आणि मग स्वतःच रडत बसली होती. आईचा काय दोष? पोट होतं. पण तो धपाटा असा बसला की देव सुटले, गाव सुटलं, मेलेली ढोरं ओढायचं सुटलं, आणि हात तेवढे तिथंच त्या दारात उभे राहिले. पार्वतीबाई ताट घेऊन आल्या आणि हातांनी आईचं ऐकलं. अनसाबाईला वाटलं, इथल्या इथं हे हात खलबत्त्यात घालून कुटावेत.

सोपानराव बोलतच होते. अनसाबाईनं मान वर केली ती भाषणासाठी नाही, तर मंडपाच्या पार मागं, बांबूला टेकून बसलेल्या पुतळाबाईसाठी. पुतळाबाई तिची शेजारीण, रेल्वेच्या माल धक्क्यामागच्या झोपड्यांतली. तिच्या हातात बाटली होती. खोकल्याचं औषध न्यायला सकाळी आली, दाराला कुलूप दिसलं, आणि बाजार उरकेपर्यंत उघडेल म्हणून बसून राहिली. तिनं सगळं पाहिलं होतं. पदर पुढं झाला तेही, नारळ पडला तेही, सोयरीक ठरली तेही. ती काही रागानं बघत नव्हती. नुसती बघत होती, बस चुकल्यावर माणूस रस्त्याकडं बघतं तसं. त्या बघण्याला तोंड द्यावं असा चेहरा अनसाबाईकडं नव्हता.

हा सगळा झगडा पुतळाबाईच्या पोरीवरून उभा राहिला होता. पोरीचं नाव नकुशी. वर तिघी बहिणी होत्या म्हणून ठेवलेलं नाव, पण पुतळाबाईला ती नको कधीच नव्हती; सासूनं ठेवलं आणि राहून गेलं. मोठ्या दुष्काळाचं साल. सगळ्या बाया खडी फोडायला तळ्याच्या कामावर. पोरीला जुलाब लागले. तेव्हा दवाखान्याची पद्धत अशी की औषध फुकट, पण बाटली ज्याची त्यानं आणायची. आत मोठ्या बरणीत तांबडं पाणी असायचं, कंपाउंडर शंकरराव ते मापून ओतायचा आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी डकवून द्यायचा. बाटली नसेल त्याला परत धाडायचा. पायरीशी शंकररावाचा मेहुणा गोणपाटावर धुतलेल्या बाटल्या मांडून बसायचा, आणि तो फुकट द्यायला बसला नव्हता. ज्याच्याकडं असायचं तो घ्यायचा. पुतळाबाईकडं नव्हतं. ती दुपारच्या उन्हात बांधाबांधानं बाटली शोधत हिंडली आणि एका उसाच्या कडेला तिला सापडली, चांगली, बुचासकट. राखेनं घासली, मातीनं घासली, हुंगून पाहिली. वास जाईना म्हणून परत घासली. एंड्रिनची, पिकावर मारायच्या विषाची बाटली होती ती. चिठ्ठी निघालेली, आणि असती तरी पुतळाबाईला वाचता कुठं येत होतं? शंकररावानं ती उजेडात धरून बघितलीसुद्धा नाही. रांग लांब होती. तांबडं औषध ओतलं, पट्टी डकवली, "दिवसातनं तीनदा." पोरगी दुसरा डोस प्यायला उरली नाही.

नंतर शंकरराव म्हणाला, "बाटली स्वच्छ आणायची असते, पाटी लावलीय." पाटी खरंच होती. पाटी वाचता न येणाऱ्यांच्या दवाखान्यात पाटी. विश्वस्तांनी बैठक घेतली, पालकांची हयगय ठरवली, दोन मिनिटं शांत उभे राहिले आणि चहा प्यायले. पुतळाबाईनं पोर नदीच्या वाळूत पुरली. त्याच सुमाराला अनसाबाईचा भाऊ इनामगावला खणायच्या कामावर होता. पुण्याहून आलेली शिकलेली माणसं तिथं जुनं गाव उकरत होती. भाऊ येऊन सांगायचा, अक्का, हजारो वर्सांमागचं लहान पोर सापडलं, दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून आत निजवल्यालं, आन् साहेब लोक मऊ ब्रशानं त्याची हाडं पुसत बसत्यात, फुंकर घालून. ऐकताना अनसाबाईला संताप आला होता. त्या साहेबांचा नाही. ते बिचारे आपलं काम करत होते. पण त्या जुन्या लोकांनीसुद्धा पोराला रांजण दिला, आणि आमच्या पोरीला औषधाची बाटलीसुद्धा देववली नाही तुम्हाला?

मग तिनं चूल मांडली. भाषण नाही, मोर्चा नाही. ते तिला ठाऊक नव्हतं. तिचा नवरा भिमा माल धक्क्यावर ठेकेदाराचा हमाल, जन्मभर रेल्वेची पोती वाहून वाकलेला. त्याच्याकडून आणि त्याच्या सोबत्यांकडून तिनं रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. सोड्याच्या, सरबताच्या, टॉनिकच्या, मिळेल त्या. एकेक हुंगून निवडली. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीसमोर तीन दगड ठेवून तिनं जाळ केला, हंड्यात पाणी उकळलं, बाटल्या उकळून काढल्या, आणि धुतल्या गोणपाटावर उन्हात पालथ्या घातल्या. येईल त्याला एक. शंकरराव बाहेर आला. "दवाखान्यापुढं चूल? हे काय लग्नघर हाय?" ती म्हणाली, "औषध तुमचं फुकट, बाटली आमची फुकट. तुमच्या मेव्हण्याचं काय जळत असंल तर त्याला सांगा, जाळ हाय हितं, शेकत बस." पोलीस आला, दगड लाथेनं उडवले, पुढच्या बाजाराला तिनं ते परत मांडले. त्याच गर्दीत चांगदेवआबा तिला भेटले. मेंढरं विकून शेतीला लागलेले, मिशा पांढऱ्या, हातात पितळेचा तांब्या, आणि "ह्याच्यात का न्हाई वतत? बाटलीपरास धा येळा साफ हाय," म्हणून शंकररावाशी हुज्जत घालणारे. अनसाबाईनं त्यांच्या हातात बाटली दिली. पुढच्या बाजाराला आबा भांडगावाहून बैलगाडीत बाभळीचं जळण घेऊन आले आणि काही न बोलता चुलीशी टाकून गेले. मग दर बाजारी. पावसाळा गेला, हिवाळा गेला. शेवटी दुष्काळी कामं बघायला आलेल्या एका मोठ्या साहेबाची जीप धुराशी थांबली, साहेबानं विचारलं हे काय आहे, आणि त्यानंतर विश्वस्तांना एकदम बाटल्या परवडायला लागल्या. मेहुण्याचं गोणपाट उठलं. आजसुद्धा पुतळाबाईच्या हातात होती ती बाटली दवाखान्याचीच होती.

"...आमच्या विश्वस्त मंडळाच्या ध्यानात आलं," सोपानराव सांगत होते, "की गोरगरिबांना बाटलीअभावी औषध मिळत नाही. आम्ही ताबडतोब निर्णय घेतला. आणि या कार्यात आम्हाला ज्यांचं मोलाचं सहकार्य लाभलं, त्या या अनसाबाई आणि आबा." सहकार्य. लाथेनं उडवलेल्या दगडांचं सहकार्य. आणि पोरीचं नाव कुठंच नाही. एवढ्या मोठ्या भाषणात गावातल्या मेलेल्या चार शेटजींची नावं झाली, पण नकुशीचं नाही. ते नाव घेतलं असतं तर बाटली बांधावरून का आणावी लागली ते सांगावं लागलं असतं. तिनं शेजारी बघितलं. आबांना भगवा फेटा बांधला होता, तो भुवयांच्या खाली आला होता, आणि नारळ त्यांनी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवला होता.

"आबा, झोपलाव का?" ती दातातल्या दातात म्हणाली.

"न्हाय गं. फेटा आवळ बांधलाय. डोळं उघडंनात."

"ऐकलं का, काय म्हणला त्यो? सोयरीक पक्की."

"ऐकलं की. नारळ म्याबी घेतला. म्हनलं खोबरं हुईल नातवंडांला. मागनं कळलं."

"तुमाला तर बरंच पडंल. तुमच्या भांडगावाकडंच येतोय दवाखाना." ती मुद्दाम बोलली, राग कुणावर तरी काढायचा होता.

आबांनी फेटा बोटानं जरा वर सारला. "जवळ पडंल, व्हय. पंपावरचं दिवं दिसत्यात माज्या वस्तीवरनं. दिसत्यात. पर आत कोन घील?"

"मग बोला तसं उठून."

"मला न्हाई बाय बोलाया येत. मेंढरामागं गेला जलम, त्यास्नी बोलून काय उपेग नसतो. तू बोल. मी मान हलवतो."

बोलायचं काय, हा प्रश्न नव्हता. बोललेलं उडून जातं, हे तिला कळत होतं. उभं राहून कितीही शिव्या घातल्या तरी नारळ पदरात होता, आणि बाजाराला आलेली सगळी माणसं गावोगाव जाऊन हेच सांगणार होती की अनसाबाईनं नारळ घेतला. नारळाला नारळानंच उत्तर होतं, आणि ते तिला मघापासून दिसत होतं. ओटी परत करायची. सोयरीक मोडायची असली तर नारळ परत जातो, हे खरं; पण भरलेली ओटी ज्या बाईनं भरली तिच्याच पदरात उलटी टाकायची, हे कुणी वैरिणीला करत नाही. तिच्या वंशाचं वाटोळं इच्छिल्यासारखं ते. अनसाबाईचा आता त्यावर विश्वास नव्हता. पार्वतीबाईंचा होता. आणि पहिल्याच रांगेत पार्वतीबाईंची सून बसली होती, हिरवं पातळ नेसलेली, पोटावर हात ठेवून, दिवस भरत आलेले.

आणि तो हंडा. चूल मांडली तेव्हा पहिल्या बाजाराला अनसाबाईकडं नुसतं पातेलं होतं, त्यात बाटल्या बुडत नव्हत्या. दुसऱ्या बाजारी पहाटेच सोपानरावांच्या मागच्या दारातून त्यांची गडीण तांब्याचा मोठा हंडा डोक्यावर घेऊन आली. "बाईसाब म्हनल्या, मालकास्नी कळू दिऊ नगा." वर्षभर त्या हंड्यात पाणी उकळलं. अनसाबाईनं तो घासून परत धाडला, तोही मागच्या दारानंच. त्या बाईनं हंडा पाठवला आणि त्याच बाईनं आज नारळ वीतभर वरून सोडला, आणि तिच्या लेखी या दोन गोष्टींत काही भांडण नसावं. चिडावं तर अर्धंच चिडता येत होतं. आणि सोपानरावानं हे जाणूनच केलं होतं. स्वतः शाल दिली असती तर अनसाबाईनं ती त्याच्या अंगावर फेकली असती. म्हणून बायकोला पुढं केलं, बायकोच्या मागं पोटुशी सून बसवली, आणि आपण माईकशी हसत उभा राहिला. पुरुषानं पुरुषाला नारळ दिला आणि बाईनं बाईची ओटी भरली. दिसायला किती रीतसर. या रीतसरपणाचा तिला उबग आला. सकाळी भिमा अंथरुणावरूनच म्हणाला होता, "शाल दिली तर नगं म्हनू नगंस, मला थंडी वाजती." तेव्हा ती हसली होती.

"आता अनसाबाई दोन शब्द बोलतील," सोपानराव म्हणाले, आणि माईक सोडून आपल्या खुर्चीकडं गेले.

ती उठली. माईक पकडायला हात मोकळे नव्हते, दोन्ही मुठींत पदर. ती माईककडं गेलीच नाही. भरला पदर सांभाळत ती टेबलाला वळसा घालून पार्वतीबाईंच्या समोरून गेली. पार्वतीबाईंनी तिच्या मुठी बघितल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी नकळत सुनेकडं पाहिलं. अनसाबाई थांबली नाही. सोपानरावांच्या खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

"सोपानराव, उठा जरा."

त्यांना वाटलं, पाया पडणार. फोटोवाल्याकडं बघत ते उठले, हसत, खांद्यावरची शाल सावरत.

"धरा," अनसाबाई म्हणाली, आणि तिनं पदर उपडा करायला सुरुवात केली.

गव्हाची धार सुटली आणि सोपानरावांचे दोन्ही हात आपण होऊन उठले. त्यांनी शालीची टोकं पकडली, झोळी केली, आणि पुढं धरली. गहू पडले, हळकुंड पडलं, खण पडला, आणि शेवटी वीतभर वरून नारळ धप्पकन पडला. काय धरलं ते कळेपर्यंत सगळं शालीत होतं. मंडपात कुठंतरी एका बाईनं "अगं बया!" म्हटलं, आणि मग कापडाची फडफडसुद्धा ऐकू यायला लागली. सोपानरावांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, काढायला विसरल्यासारखं.

"स्थळ आमाला पसंत न्हाई," अनसाबाई म्हणाली. माईक लांब होता, पण आवाज शेवटच्या बांबूपर्यंत गेला. "आमची पोर आमाला जड झाल्याली न्हाई. ती बाजारतळावरच नांदंल. पुतळाबाईची नकुशी ज्या पायरीवरनं घरला गेली, ती पायरी हितं हाय. नाव घेतलं न्हाई तुमी तिचं. म्या घेतलं. ही सोयरीक मोडली, आन् समद्यांदेखत मोडली."

"हे बघा बाई, हा काय प्रकार..." सोपानराव बोलायला लागले, पण हातवारे केल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे, आणि हात गुंतले होते. शाल सोडावी तर गहू पायावर, नारळ पायावर. ओटी मातीत सांडणारा माणूस मत मागायला कुठल्या दारात जाणार? तेवढ्यात आबा उठून आले. त्यांनी आपला नारळ शालीत वरून अलगद ठेवला. "ह्योबी घ्या. फेटा ऱ्हाऊ द्या मला, घरला जास्तोर ऊन हाय," म्हणाले आणि कबूल केल्याप्रमाणं मान हलवली. कुणीतरी मागं हसलं, पण या वेळी ते हसणं सोपानरावांच्या बाजूचं नव्हतं.

अनसाबाई शंकररावाकडं वळली. तो मंडपाच्या कडेला फुलांच्या परड्या सांभाळत उभा होता. "शंकरराव, दार उघडा. बाजार उठायला लागलाय."

"किल्ली अध्यक्षांच्या खिशात हाय," शंकरराव म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

सगळ्यांनी अध्यक्षांच्या खिशाकडं पाहिलं. अध्यक्षांनी बायकोकडं पाहिलं, डोळे वटारून, नको म्हणून. पार्वतीबाई उठल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला, नवऱ्याजवळ आल्या, त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढली. सुनेच्या काळजीनं काढली, हंड्याच्या आठवणीनं काढली, की आपल्या पदरात यायचं ते नवऱ्याच्या शालीत गेलं म्हणून, अनसाबाईला कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. तिनं हात पुढं केला. या वेळी तो तिनंच केला. पार्वतीबाईंनी किल्ली वरून सोडली नाही. तळहातावर ठेवली, आणि त्यांची बोटं क्षणभर तिथंच राहिली. गार होती.

अनसाबाईचा राग तेवढ्यानं गेला नाही. तो जायचाही नव्हता. उद्या हे लोक दुसरी वाट काढतील, कर्णा बांधून दुसरं काही पुकारतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मंडपाच्या मागच्या बाजूनं ती पायरीशी आली, तर पुतळाबाई आधीच तिथं येऊन उभी होती, आणि तिच्या मागं एकेक करत माणसं उठून येत होती, आपापल्या बाटल्या घेऊन. अनसाबाईनं कुलपात किल्ली घातली. मागं मंडपात सोपानराव अजून शाल पसरूनच उभे होते, आणि ती त्यांच्या हातातून घ्यायला कुणीही पुढं होत नव्हतं.